पहिली लाट भाड्याच्या सूटमध्ये
नवशिक्या स्त्रियांनी ‘पर्यावरणस्नेही’ सर्फिंग करायचे म्हणजे नेमके काय करायचे?

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर पॅसिफिका नावाचे गाव आहे. तेथील लिंडा मार किनाऱ्यावर रविवारी सकाळी आठच्या सुमारास गेले, की धुक्यात उभा असलेला स्त्रियांचा एखादा गट हमखास दिसतो. अंगात काळे रबरी पोशाख, समोर वाळूत आडव्या ठेवलेल्या फोमच्या लांबलचक फळ्या, आणि त्या फळ्यांवर पालथे पडून, तळहात छातीशी टेकवून, एका झटक्यात उभे राहण्याचा कोरडा सराव. अशा गटांत अधूनमधून मराठीही कानी पडते. सनीव्हेल किंवा फ्रेमाँटहून आलेल्या, चाळिशीच्या आसपासच्या, आठवडाभर संगणकासमोर बसणाऱ्या या स्त्रिया. दोन वर्षांपूर्वी मीही त्यांच्यातली एक झाले.

पाण्यात उतरण्यापूर्वी यांतल्या बहुतेकींना दोन प्रश्न पडलेले असतात. ‘मला जमेल का?’ हा पहिला. दुसरा असा, की ज्या समुद्राच्या ओढीने येथे आलो त्यालाच बाधक ठरेल असे काही आपण विकत तर घेत नाही ना? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला बाजार टपलेला आहे. दुकानात मलमापासून मेणापर्यंत प्रत्येक वस्तूवर हिरवे पान, कासव किंवा प्रवाळाचे चित्र असते. मात्र या छंदाचा पर्यावरणावर पडणारा खरा भार ज्या गोष्टींत आहे, त्यांतल्या काहींवर कसलेच लेबल नसते. अंगातला सूट, किनाऱ्यापर्यंतची मोटार आणि आदल्या दिवशीचा पाऊस या त्या गोष्टी होत.

सूटपासूनच सुरुवात करू, कारण उत्तर कॅलिफोर्नियात त्याच्यावाचून पाण्यात पाऊल टाकवत नाही. येथील समुद्राचे तापमान वर्षभर साधारण 10 ते 15 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. वेटसूट शरीराला कोरडे ठेवत नाही, ही गोष्ट नवख्यांना चमत्कारिक वाटते. तो पाणी आत येऊ देतो, पण अगदी थोडे. हा पातळ थर अंगाच्या उष्णतेने कोमट होतो आणि रबरातील वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे ती ऊब बाहेर जाऊ देत नाहीत. 1950च्या दशकाच्या आरंभी बर्कलीच्या विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी नौदलाच्या पाणबुड्यांसाठी असा पोशाख तयार केला. त्याच सुमारास जॅक ओनील यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्रकाठी सर्फचे दुकान थाटले आणि पुढे हा पोशाख सर्वसामान्य सर्फरच्या अंगावर आणला. येथील हिवाळी सर्फिंग त्यानंतरच खऱ्या अर्थाने शक्य झाले.

हे रबर म्हणजे निओप्रिन. ते ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत 1930 साली जन्मले आणि क्लोरोप्रिन या रसायनापासून बनते. क्लोरोप्रिन मानवी शरीरात कर्करोग निर्माण करण्याची शक्यता आहे, असा निष्कर्ष अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, 2010 साली नोंदवला. अमेरिकेत निओप्रिन बनवणारा एकच कारखाना उरला होता. तो लुइझियानात, मिसिसिपी नदीकाठच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट या परगण्यात होता. 1960च्या दशकाअखेर ड्यूपाँटने तेथे निओप्रिनचे उत्पादन सुरू केले आणि 2015 साली ते डेन्का या जपानी कंपनीकडे गेले. बॅटन रूज ते न्यू ऑर्लिन्स या रासायनिक कारखान्यांनी गजबजलेल्या पट्ट्याला तेथील लोक ‘कॅन्सर ॲली’ म्हणतात. कारखान्याभोवतीची वस्ती प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची, आणि कुंपणापासून हाकेच्या अंतरावर एक प्राथमिक शाळा. 2015च्या अखेरीस ईपीएचे राष्ट्रीय मूल्यमापन प्रसिद्ध झाले. हवेतून होणाऱ्या कर्करोगाचा देशातील सर्वाधिक धोका या कारखान्यालगतच्या वस्तीला आहे, तो राष्ट्रीय सरासरीच्या जवळजवळ पन्नास पट आहे, असे त्यातून दिसले. डेन्काने हे मूल्यमापन कधीच मान्य केले नाही. केंद्र सरकारने 2023 साली कंपनीवर दावा लावला. 2025च्या मार्चमध्ये नव्या प्रशासनाने तो मागे घेतला. आणि त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने तेथील उत्पादन अनिश्चित काळासाठी थांबवत असल्याचे जाहीर केले.

सगळे निओप्रिन सर्फिंगसाठी बनत नाही, हे येथे न्यायाने सांगितले पाहिजे. मोटारींचे पट्टे, नळ्या, चिकटद्रव्ये अशा कितीतरी वस्तूंत ते असते आणि सूटचा त्यातला वाटा लहान आहे. पण ‘समुद्रावर प्रेम करणारे लोक’ अशी स्वतःची ओळख सांगणाऱ्या समाजाने सहा-सात दशके अंगाला चिकटून बसणाऱ्या या वस्तूचे मूळ फारसे विचारले नाही, ही गोष्ट मला खटकते. शिवाय लुइझियानातील धुराडे थंडावल्याने प्रश्न मिटलेला नाही. निओप्रिन आता अन्य देशांतून येते, आणि तेथल्या कुंपणापलीकडे कोण राहते याची वार्ता आपल्यापर्यंत क्वचितच पोचते.

दुकानात आपली सर्वाधिक दिशाभूल होते ती ‘लाइमस्टोन’ या शब्दाने. काही सूटवर, हे निओप्रिन खनिज तेलापासून बनलेले नसून चुनखडीपासून बनले आहे, असे अभिमानाने लिहिलेले असते. विधान खरे आहे. चुनखडी भट्टीत प्रचंड तापवून कॅल्शियम कार्बाइड करतात, त्यापासून ॲसिटिलीन मिळवतात, आणि ॲसिटिलीनपासून अखेर क्लोरोप्रिनच तयार होते. आरंभ निराळा असला तरी वाट त्याच रसायनातून जाते. शिवाय भट्टीला लागणारी ऊर्जा वेगळीच. सूट कदाचित अधिक लवचिक आणि टिकाऊ असेल. त्याला ‘हिरवा’ म्हणण्याचे कारण मात्र मला सापडलेले नाही.

खराखुरा पर्याय नैसर्गिक रबराचा. पॅटागोनिया या कंपनीने युलेक्स कंपनीच्या साहाय्याने 2012 साली ग्वायुले या वाळवंटी झुडपाच्या रबराचा अंश असलेले सूट आणले, आणि 2016 साली निओप्रिनला फाटा देऊन रबराच्या झाडाच्या चिकापासून बनलेले सूट बाजारात उतरवले. ही पद्धत इतरांनाही वापरू दिल्यामुळे आज अनेक कंपन्यांचे असे सूट मिळतात. पण ‘नैसर्गिक’ या शब्दाने भुलून जाण्याचे कारण येथेही नाही, आणि ते सावंतवाडी-दोडामार्गकडच्या वाचकांना विस्ताराने सांगायला नको. सह्याद्रीच्या उतारावरचे जंगल तुटून त्या जागी रबराच्या एकसुरी रांगा कशा उभ्या राहिल्या, हे त्या तालुक्यांनी गेल्या काही दशकांत पाहिले आहे. रबर झाडाचे आहे एवढ्याने भागत नाही. ते झाड कशाच्या जागी लावले, हे पाहावे लागते. म्हणून सूटच्या पट्टीवर जंगलतोड न करता घेतलेल्या रबराचे, म्हणजे एफएससीचे, प्रमाणपत्र आहे का हे विचारावे. त्याला अर्थ आहे.

एवढे सगळे वाचून एखादी वाचक नैसर्गिक रबराचा सूट मागवायला निघाली असेल, तर तिला थांबवणे हाच या लेखाचा उद्देश आहे. पहिल्या हंगामात सूट विकतच घेऊ नये. फळीही घेऊ नये. दोन्ही भाड्याने घ्यावीत. शिकायला आलेल्यांपैकी किती जणी दुसऱ्या वर्षी पुन्हा येतात, याचा अंदाज जुन्या वस्तूंच्या बाजारात एक चक्कर टाकली की येतो. ‘दोनदा वापरलेला’ सूट तेथे हवा तेवढा मिळतो. भाड्याचा एक सूट वर्षभरात कित्येक अंगांना ऊब देतो. गॅरेजमध्ये लटकणारा सूट, मग तो कितीही हिरवा असो, कोणालाच ऊब देत नाही.

मापाचा प्रश्न येथेच येतो, आणि तो खास स्त्रियांचा आहे. सूट कातडीसारखा बसला तरच काम करतो. कमरेच्या खोलगट भागात किंवा काखेत तो सैल राहिला, की प्रत्येक लाटेबरोबर थंड पाणी आत घुसते, कोमट झालेला थर वाहून जातो आणि वीस मिनिटांत दात वाजू लागतात. अनेक दुकानांत पुरुषांची मापे भरपूर आणि स्त्रियांची मोजकी असतात. पाच फूट एक-दोन इंच उंचीच्या, भरल्या अंगाच्या मराठी बाईला पुरुषांचा ‘स्मॉल’ दिला, तर तो नितंबांवर चढत नाही आणि पायांशी मात्र चुण्या पडतात. माझी चूक अशीच घडली. भाड्याच्या सूटमध्ये कुडकुडल्याचा राग धरून मी एका संकेतस्थळावरून, केवळ वजन-उंचीच्या तक्त्यावर विसंबून, स्वस्तातला सूट मागवला. तो छातीशी इतका आवळला, की फळीवर पालथे पडून श्वास घेणे मुश्कील झाले. परत करण्याची मुदत उलटून गेली होती. न बसणारा सूट म्हणजे वाया गेलेले रबर. म्हणून पुढेमागे विकत घ्यायचाच झाला तर अंगात घालून, खाली वाकून, दोन्ही हात डोक्यावर नेऊन पाहिल्याखेरीज घेऊ नये. आधी दुसऱ्या कोणी वापरलेला चांगल्या स्थितीत मिळतो का, हेही पाहावे. वापरानंतर तो गोड्या पाण्यात खळबळून, कमरेत दुमडून, सावलीत वाळवावा. उन्हात रबर कडक होते, आणि खांद्यांनी टांगले तर ओल्या सूटच्या वजनाने खांदेच ताणले जातात.

फळीची कथा तुलनेने थोडक्यात सांगता येईल. पारंपरिक सर्फबोर्डचा गाभा पॉलियुरेथेन फोमचा असतो, आणि त्यासाठी टीडीआय हे अत्यंत विषारी रसायन वापरतात. अमेरिकेतील असे बहुतेक गाभे दक्षिण कॅलिफोर्नियातील क्लार्क फोम ही एकच कंपनी पुरवत असे. 5 डिसेंबर 2005 रोजी, एका सोमवारी, मालक गॉर्डन क्लार्क यांनी ग्राहकांना फॅक्स धाडला आणि कारखाना तडकाफडकी बंद केला. पर्यावरण आणि सुरक्षाविषयक नियमांचा ससेमिरा हे त्यांनी सांगितलेले एक प्रमुख कारण. त्या धक्क्यानंतर इतर फोम आणि कमी घातक रेझिन यांच्याकडे धंद्याचे लक्ष वळले. आज पुनर्वापरित पॉलिस्टायरिनचे गाभे आणि अंशतः वनस्पतीजन्य रेझिन यांपासून बनलेल्या फळ्यांना ‘सस्टेनेबल सर्फ’ या ना-नफा संस्थेची ‘इकोबोर्ड’ ही मोहोर मिळते. नवशिक्यांना मात्र तिचा लगेच उपयोग नाही. आठ-नऊ फुटी, जाड, मऊ पृष्ठभागाची फोमची फळीच त्यांना लागते. ती अधिक तरंगते, त्यामुळे संथ लाटही तिला उचलून घेते, आणि डोक्यावर आपटली तरी खोक पडत नाही. दोष असा, की तिची कातडी सोलवटली की आत पाणी शिरते, पांढरे मणी सुटू लागतात आणि तिचा पुनर्वापर जवळजवळ होत नाही. म्हणूनही ती भाड्याचीच बरी. आणि वाळूवरून फरफटत नेऊ नये. डोक्यावर किंवा दोघींनी मिळून नेली तर तिचे आयुष्य वाढते.

आता मोटारीचे गणित. सनीव्हेलहून पॅसिफिकाला जाऊन-येऊन साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटर होतात. लिटरला दहा-बारा किलोमीटर चालणाऱ्या गाडीला दहा-अकरा लिटर पेट्रोल लागते. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका रविवारचे पंचवीसेक किलो, आणि दहा रविवारांचे अडीचशे. चौघी एका गाडीतून गेल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला चौथा हिस्सा. मेण मधमाशांचे की खनिज तेलाचे, यावर किनाऱ्यावर तावातावाने चर्चा चालते. एकेकटीने मोठी गाडी घेऊन येण्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. शिवाय चौघी असण्याचा दुसराही फायदा आहे. नवशिकीने एकटीने पाण्यात कधीच उतरू नये.

सनक्रीमबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण ‘उन्हात काळी पडशील’ हे वाक्य आपल्या पिढीने लहानपणापासून ऐकले आहे आणि माझी आई ते आजही पुण्याहून फोनवर ऐकवते. हवाई राज्याने 2018 साली कायदा करून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही द्रव्ये असलेल्या सनक्रीमच्या डॉक्टरी चिठ्ठीशिवाय होणाऱ्या विक्रीवर 1 जानेवारी 2021 पासून बंदी आणली. ही द्रव्ये प्रवाळाला हानिकारक असल्याचे प्रयोगशाळेत आढळले होते. प्रवाळावरचे सर्वांत मोठे संकट तापणाऱ्या समुद्राचे आहे, याविषयी मात्र शास्त्रज्ञांत दुमत नाही. ‘रीफ-सेफ’ या शब्दांना अमेरिकेत कायदेशीर व्याख्या नाही. डबीमागची घटकांची यादी वाचणे हाच उपाय. झिंक ऑक्साइडची क्रीम चेहऱ्यावर पांढरी दिसते, आणि सावळ्या रंगावर तर राखाडी. ते सोसवत नसेल तर रंग मिसळलेली मिळते. पण सर्वांत उत्तम सनक्रीम कापडाचे. पॅसिफिकात सूट सर्वांग झाकतोच; सॅन डिएगोच्या उन्हाळ्यात किंवा हवाईत पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड आणि पोहण्याची लांब विजार घातली, की क्रीम लावायला चेहरा, मान आणि तळव्यांच्या पाठी एवढेच उरते. पोहण्याच्या आखूड पोशाखाचा संकोच वाटून किनाऱ्यावरच बसून राहणाऱ्या मैत्रिणींचीही अडचण त्यातून आपसूक सुटते.

समुद्र आपल्याला काय देतो, हाही याच विषयाचा भाग आहे. नवशिक्यांना नेहमी आडोशाच्या किनाऱ्यावर नेतात, कारण तेथे लाट मंद असते. पण ज्या आडोशामुळे लाट मंदावते, त्याच आडोशामुळे घाण पाणीही रेंगाळते. लिंडा मारची दक्षिण बाजू शिकायला सोपी, आणि सॅन पेड्रो ओढाही त्याच अंगाला समुद्राला मिळतो. सांताक्रूझचा काऊल्स किनारा तर नवशिक्यांचे माहेरच. तो ‘हील द बे’ या संस्थेच्या राज्यातील सर्वाधिक दूषित किनाऱ्यांच्या यादीत काही वर्षे अग्रभागी होता. शोध घेता जवळच्या धक्क्याखाली बसणाऱ्या पक्ष्यांच्या विष्ठेकडे बोट गेले. मग तेथे जाळ्या बसवल्या आणि पाणी सुधारले. पावसानंतर रस्त्यांवरचे तेल, कुत्र्यांची घाण, तुंबलेल्या गटारांचे पाणी हे सारे न गाळता समुद्रात येते. म्हणून मोठ्या पावसानंतर 72 तास पाण्यात उतरू नये, हा येथील आरोग्य खात्यांचा सल्ला आहे. मालिबूत 1984 साली स्थापन झालेल्या सर्फरायडर फाउंडेशनचे स्वयंसेवक ठिकठिकाणी पाण्याचे नमुने तपासतात. वर्गाची फी भरणाऱ्या ज्या मैत्रिणीला खरोखर समुद्रासाठी काही करायचे आहे, तिने महिन्यातून एकदा बाटलीत पाणी भरायला जावे. हिरव्या पानाची खरेदी करण्यापेक्षा ते अधिक उपयोगी, आणि फुकटही.

किनाऱ्याच्या रक्षणासाठी झालेला एक कायदा स्त्रियांच्या कसा कामी आला, याची येथील एक हकीकत सांगण्याजोगी आहे. 1972 साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी कौल देऊन किनारा आयोग स्थापन केला. बेसुमार बांधकामापासून किनारा वाचवावा आणि तो सर्वांना खुला राहावा, हा त्याचा हेतू. हाफ मून बेजवळ मॅव्हरिक्स येथे होणाऱ्या महाकाय लाटांच्या स्पर्धेत स्त्रियांना स्थान नव्हते. बियांका व्हॅलेंटी आणि त्यांच्या सहकारी सर्फर या आयोगापुढे गेल्या. समुद्र सर्वांचा असेल, तर त्यावरच्या स्पर्धेचा परवाना अर्ध्या लोकसंख्येला वगळून कसा देता येईल, असा त्यांचा मुद्दा होता. 2016 साली आयोगाने परवान्यासाठी स्त्रियांच्या सहभागाची अट घातली. समान बक्षिसाची मागणी त्यापाठोपाठ आली. जागतिक सर्फ लीगने 2019 पासून दोघांना सारखे बक्षीस दिले, आणि राज्याच्या जमिनीवर होणाऱ्या स्पर्धांसाठी तसा कायदा त्याच वर्षी झाला. भारतात मुंबईच्या इशिता मालवीय यांनी 2007 साली कर्नाटकच्या किनाऱ्यावर क्लब सुरू केला, तेव्हा लाटेवर स्वार होणारी भारतीय स्त्री ही कल्पनाच नवी होती.

आता पहिल्या प्रश्नाकडे, ‘मला जमेल का?’ पोहता येत असेल, तर जमेल. आमच्या पिढीत गावच्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून उडी मारायला शिकवले ते भावांना. बहिणी काठावर कपडे सांभाळत बसल्या. म्हणून आधी जवळच्या तलावावर प्रौढांच्या वर्गात चार महिने घालवावेत. पायाला फळीशी बांधणारी दोरी ही जीवरक्षक नव्हे. ती तुटू शकते. खोल समुद्राकडे खेचणाऱ्या रिप करंटमध्ये सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हावे, हे कोरड्या वाळूवरच पाठ करून घ्यावे. पाण्याकडे जाताना दोरी लावून राखलेल्या वाळूत शिरू नये. हिवाळ्यात तेथे स्नोई प्लोव्हर विसावतात. आपल्याकडच्या चिखल्यांच्या कुळातले, मूठभर आकाराचे हे पक्षी या किनारपट्टीवर 1993 पासून संरक्षित आहेत.

येथे शिकायला उत्तम काळ सप्टेंबर-ऑक्टोबरचा. धुके विरळ होते, पाणी त्यातल्या त्यात कोमट असते आणि हिवाळ्यातील मोठ्या लाटा अजून यायच्या असतात. सूट मात्र शनिवारीच फोन करून राखून ठेवावा, आणि स्त्रियांचे माप स्पष्ट सांगावे. मधली मापे रविवारी सकाळी नऊपर्यंत संपतात.